पातेलंभर डाळ

टेकडीच्या नाक्यावरचा वनरक्षक नमस्काराला उत्तर म्हणून "माचिस?" विचारतो आणि हात पुढे करतो. उन्हाळाभर वर आग पेटवायला बंदी असते. नाही म्हटलं तरी तो खिशाकडे बघत राहतो.

एप्रिलच्या सहलीत मी काडेपेटी पिठाच्या डब्यात लपवून नेली. बाफले, म्हणजे उकडलेले कणकेचे गोळे, गोवऱ्यांवरच भाजायचे, हा माझा हट्ट. वाऱ्याने निखारा उडाला आणि सागाची वाळकी पानं पेटली. पाणी संपलं होतं. तो वनरक्षक धावत आला, आमचं डाळीचं पातेलं त्या पानांवर रिकामं केलं आणि उरलेली आग बुटांनी तुडवली. मग गोवरीच्या राखेवर तळहात धरून म्हणाला, "बाबूजी, कंडा मरता नहीं, सो जाता है." आणि खाली बसला. "दाल तो गई. घी है क्या?"

घरी परतल्यावर सुदामा नगरात मी मात्र सांगितलं, त्याने आकसाने डाळ ओतली. शेजारी त्याची तक्रार करायला निघाले, तेव्हा काल सगळं खरं सांगून टाकलं.

"भिया, मग तक्रार कसली? त्याला जेवायला बोलवा," शेजारी हसले.

आज नाक्यावर जाऊन बोलावणं दिलं. रविवारी तो येतोय. त्याने एवढंच विचारलंय, बाफले गॅसवरच करणार ना?