मोरा बंदरावरची तीन मिनिटं

ऑनलाइन बुद्धिबळात सुधारणा करायची असं मी ठरवलं, तेव्हा माझं रेटिंग अकराशे होतं. वर्षभर मन लावून अभ्यास केल्यावर ते हजारावर आलं.

मी खेळतो तो प्रकार ब्लिट्झ. दोघांनाही तीन-तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात सगळा डाव संपवायचा. ज्याची वेळ आधी संपते तो हरतो, मग पटावर त्याचं कितीही बरं चाललेलं असो. तीन मिनिटं म्हणजे काय हो, असं मी घरी नेहमी म्हणायचो. त्या तीन मिनिटांत आमच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये दूध उतू गेलंय, कुकरचं बूड जळलंय आणि कुरियरवाला बेल वाजवून वाजवून परत गेलाय. आमच्या घरात या खेळाला 'मॅच' म्हणतात. "बाबा बाथरूममध्ये आहेत का?" असं कोणी विचारलं, तर माझी बायको सुजाता "मॅच चालू आहे," एवढंच सांगते.

अभ्यासात मी कसूर केली नव्हती. पावण्याच्या केमिकल कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळतो. जेवणाच्या सुट्टीत लोक डबे उघडायचे, मी कोडी सोडवायचो. व्हिडिओ बघायचो. त्यातला माणूस सांगायचा की, घाई करू नका, समोरच्याच्या मनात काय आहे ते आधी ओळखा. ते मला पटायचं. फक्त समोर घड्याळ पळायला लागलं की काहीच आठवायचं नाही.

तर अशात सुजाताच्या भाचीचा, प्राचीचा, साखरपुडा ठरला. प्राचीचे आईवडील माझगावला राहतात, तिथेच हॉल घेतला होता. सुजाता आदल्या दिवशीच मदतीला गेली. माझ्याकडे एकच काम दिलं. उरणहून माझ्या सासूबाईंना घेऊन यायचं.

सासूबाई उरणच्या. ऐन उमेदीत त्या डोक्यावर मासळीची पाटी घेऊन रोज जवळच्या मोरा बंदरातून लाँचनं मुंबईला, भाऊच्या धक्क्याला जायच्या. गाडीत बसलं की त्यांना मळमळतं. समुद्रात मात्र लाटा कितीही उसळू देत, त्या आरामात पान खात बसतात. म्हणून लाँचनंच जायचं ठरलं. मला ते आवडलंच. लाँचला तासभर लागतो. (तासाभरात किती मॅच होतात, याचा हिशोब मी केला नव्हता असं म्हणणार नाही.)

बंदरावर पोचल्यावर सासूबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून लाल मखमलीची डबी काढून माझ्या हातात दिली. नवऱ्या मुलासाठी त्यांनी स्वतः घेतलेली अंगठी होती. गर्दीत माझ्यापेक्षा तुमच्याकडे बरी, असं त्या म्हणाल्या. मी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि वर बटण लावलं. जबाबदारीची जाणीव मला होती, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

लाँचला थोडा वेळ होता. सकाळपासून मी सलग चार मॅच जिंकलो होतो. असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. पाचवी जिंकली असती तर रेटिंग पुन्हा अकराशेवर गेलं असतं. मी बंदराच्या कठड्याला टेकलो आणि मॅच सुरू केली. समोर ब्राझीलची कोणी मुलगी होती. फोटोत ती हसत होती.

तेवढ्यात लाँच लागली. सासूबाईंनी मला हाक मारली. मी म्हटलं, तुम्ही बसून घ्या, जागा पकडा, मी आलोच. त्या फळीवरून चढल्या आणि खिडकीपाशी बसल्या. पटावर माझं उत्तम चाललं होतं. वजीर अंगावर धावून गेला होता, ब्राझीलचा राजा कोपऱ्यात दबून बसला होता. लाँचवरच्या खलाशानं दोर सोडायला घेतला आणि ओरडून मला विचारलं, येताय का? माझे शेवटचे काही सेकंद उरले होते. बोलायला सवड नव्हती. मी डावा हात उंच केला. 'थांबा' या अर्थानं.

त्यानं तो 'तुम्ही व्हा पुढे' असा घेतला. सासूबाईंनी तर 'अच्छा' असा घेतला असावा, कारण त्यांनीही हात हलवला. मी मान वर केली तेव्हा लाँच आणि बंदर यांच्यामध्ये चांगलं दोन-तीन म्हशी डुंबतील एवढं पाणी आलं होतं. खाली फोनकडे बघितलं. माझी वेळ संपली होती. मॅचही गेली होती.

सासूबाईंना फोन लावला. बंद. (चार्जिंग वाचावं म्हणून त्या फोन बंदच ठेवतात, आणि कोणाला करायचा असला तरच चालू करतात.) मी तिकिटाच्या खिडकीकडे धावलो. पुढची लाँच कधी, म्हणून विचारलं. आतल्या माणसानं शांतपणे सांगितलं, "आता दुपारनंतर. पानी नाय."

समोर अख्खा समुद्र पसरलेला आणि हा मला पाणी नाही म्हणून सांगत होता. ओहोटी लागली की बंदराशी गाळ उघडा पडतो आणि लाँच लागत नाही, हे त्यानं मला समजावलं. मुहूर्त तर सकाळचा होता आणि अंगठी माझ्या खिशात.

सुजाताला फोन करून मी फक्त एवढंच सांगितलं की आई लाँचमध्ये बसल्यात, माझी जरा चुकली. तिनं कशी चुकली म्हणून विचारलं. मी आवाज नीट येत नाही असं सांगितलं. मग रिक्षानं उरण गाठलं, बऱ्याच विनवण्यांनंतर एक टॅक्सीवाला तयार झाला आणि समुद्रावरच्या नव्या पुलावरून आम्ही निघालो. पूल संपता संपत नव्हता. (हो, पुलावर एक मॅच खेळलो. हरलो.)

माझगावच्या हॉलमध्ये शिरलो तेव्हा सगळे पाहुणे गोल बसले होते. मधोमध पाटावर प्राची आणि तो मुलगा. सासूबाई भिंतीला टेकून पान खात होत्या, म्हणजे सुखरूप पोचल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला. आता पाहुण्यांसमोर माझी हजेरी घेतली जाणार, म्हणून मी मान खाली घालूनच पुढे गेलो.

पण मुलाचे वडील उठून सामोरे आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आम्हाला तुमच्या सासूबाईंनी सगळं सांगितलं, फार मोठं काम केलंत. मला तो टोमणा वाटला. मी ओशाळून हसलो. मग मुलाचे काका जवळ आले. उंच, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"वाचली का?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी मॅचचंही सांगितलेलं दिसतंय, असं मला वाटलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"नाही हो काका," मी म्हटलं. "हातात आलेली गेली. शेवटचे काही सेकंद होते, पण माझा हातच चालेना."

काकांचा चेहरा उतरला. बुद्धिबळाबद्दल एवढी कळकळ असलेली माणसं मी प्रथमच बघत होतो. मला भरून आलं.

"कुठली होती?" त्यांनी विचारलं.

"ब्राझीलची. वय फार नसावं. फोटोत तर हसत होती."

कोणीतरी "अरेरे" म्हणालं. मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. मागून एकानं, पोलिसांना कळवलं का, असं विचारलं. मला वाटलं वातावरण उगाच जड होतंय, थोडं हलकं करावं.

"अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका," मी म्हटलं. "माझ्या हातून रोज पाच-सहा जातात."

काकांनी माझे हात सोडले. सोडले म्हणजे झटकलेच. (मी केमिकलच्या कारखान्यात कामाला आहे हे त्यांना लग्न जुळवताना सांगितलेलं होतं, त्यामुळे शंकेला जागा होती.) मुलाची आजी खुर्चीत होती. ती मुलाच्या वडिलांना जवळ बोलावून हळू आवाजात काही बोलली. हळू म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या. अंगठी ज्याच्या खिशात होती त्याच्या हातून आजच एक बाई गेली, तेव्हा ही अंगठी नको, आणि आजचा दिवसही नको. प्राचीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

सुजातानं मला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि दातांवर दात ठेवून विचारलं, कोणाला मारून आलास? तेव्हा कुठे मला सगळा उलगडा झाला. नव्या सोयऱ्यांसमोर जावयाची लाज जाऊ नये म्हणून सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की, बंदरावर एका बाईला चक्कर आली, आमचे जावई तिला डॉक्टरकडे घेऊन गेले, म्हणून त्यांची लाँच चुकली.

मी काकांकडे वळलो. खरं सांगितलं तर सासूबाई खोट्या पडणार होत्या. नाही सांगितलं तर मी खुनी ठरणार होतो आणि प्राचीचा साखरपुडा मोडणार होता. दोन्ही बाजूंनी कोंडी. घड्याळ मात्र नव्हतं, तरीही मला चाल सुचेना.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांनी तोंडातलं पान एका गालात सरकवलं.

"कोन मेला नाय," त्या म्हणाल्या. "चक्कर पन कुनाला आली नाय. यो बंदरावर मोबाईलवर बुद्धिबल खेलत व्हता. मी बघत व्हते. मीच खोटा बोलले."

आधी नवरा मुलगा हसला. पाटावर बसल्या बसल्या तो इतका हसला की मुंडावळ्या असत्या तर सुटून पडल्या असत्या. मग प्राची डोळे पुसत हसली. मुलाचे वडील हसावं की रागवावं या विचारात उभे होते. काका मात्र गंभीरच होते. ते मला म्हणाले, म्हणजे तीन मिनिटांच्या खेळासाठी तुम्ही या म्हातारीला समुद्रात एकटीला सोडून दिलंत?

"म्हातारी कोन?" सासूबाईंनी विचारलं. "तुमी जल्माला आलात तवा मी त्या धक्क्यावर पापलेट विकत व्हते."

यावर आजी हसली, आणि आजी हसली म्हटल्यावर पुढचं सगळं सुरळीत झालं. मी खिशाचं बटण काढून डबी दिली. देताना अंगठी खाली पडली नाही, एवढं यश मला त्या दिवशी मिळालं. जावयाच्या आहेराची शाल काकांनीच माझ्या खांद्यावर घातली. घालताना ती जरा जास्तच आवळली असं मला वाटलं.

जेवताना नवरा मुलगा ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. तोही ब्लिट्झ खेळणारा निघाला. ती मॅच दाखवा ना काका, असं म्हणाला. मला बरं वाटलं. कोणीतरी माझं दुःख समजून घेणारं घरात येत होतं. मी फोन काढून दिला. तो डाव पुढेमागे करत एका जागी थांबला.

"इथे तुमच्याकडे एका चालीत मात होती," तो म्हणाला. "वजीर एक घर पुढे, की संपलं. तेव्हा घड्याळात दीड मिनिट बाकी होतं."

मी हिशोब केला. त्या वेळी सासूबाईंचा एक पाय बंदरावर होता आणि दुसरा फळीवर. मात करून, फोन खिशात टाकून, त्यांचा हात धरून मी आरामात चढलो असतो.

"मग मी काय केलं?" मी विचारलं.

"तुम्ही प्यादं खाल्लंत," तो जरा संकोचून म्हणाला.

पलीकडे बसलेल्या सासूबाईंनी तेवढंच ऐकलं.

"भूक लागली व्हती तं सांगाचा ना," त्या म्हणाल्या. "डबा माझेच पिशवीन व्हता."