व्हर्न स्टकीचं फाटक

पेल्टन गावात गहू उदंड, पोरं मोजकी. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाला, चेंडू हातानं फेकायच्या त्या धसमुसळ्या खेळाला, धिप्पाड गडी कधी मिळालेच नाहीत. म्हणून कोच व्हर्न स्टकीनं 'फाटक' नावाचा डाव काढला. चेंडूपाशी दोन-तीनच पोरं. बाकीची सगळी फळी लांब एका बाजूला, वाऱ्यानं उघडलेल्या फाटकासारखी. समोरचे फळीकडे धावले की आपण मधून पळायचं, ते मधोमध थांबले की चेंडू फळीमागे फेकायचा. नवखे संघ आधी हसायचे, मग हरायचे.

तरी रोज सकाळी कॉफी ढोसत त्याचा जुना दोस्त ऑर्लिन त्याला टोचायचाच. "ही हातचलाखी आहे व्हर्न, फुटबॉल नव्हे."

"मग जिंकतो कसे रे आम्ही?"

"लोक बावचळतात म्हणून!"

व्हर्न हसून सोडून द्यायचा, पण ते त्याला लागायचं. कारण फाटक कसं मोडतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बायको लव्हॉनखेरीज कुणापाशी तो ते बोलला नव्हता.

यंदा शेजारच्या गावात कर्ट शेंक कोच झाला. व्हर्नचाच जुना खेळाडू. त्यानं गुरूचं फाटक जसंच्या तसं उचललं, आणि त्याची पोरं तर बैलांएवढी! साखळी सामन्यांच्या शेवटच्या शुक्रवारी तो पेल्टनला येणार होता. जिंकेल तो बाद फेरीत.

आदल्या बुधवारी व्हर्नला जेवण जाईना.

"फाटक कसं मोडायचं ते पोरांना सांगणार आहेस की नाही?" लव्हॉननं विचारलं.

"गावोगावचे कोच बघायला येणारेत. एकदा मोडलं की संपलं. माझा सगळा जन्म त्यात गेलाय गं."

"मग पोरांना मार खाऊ दे, तुझं नाव राखायला. फक्त त्यांच्या आयांना तेवढं तूच जाऊन सांग."

व्हर्न ताटावरून उठला. बाई बोलली ते खरंच होतं, म्हणूनच त्याला तिचा राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोरांना मैदानात बसवलं. "फळीकडे बघूच नका. सगळे बघत थांबतात आणि तिथंच फसतात. चेंडू हलला की तिघांनी थेट फेकणाऱ्यावर तुटून पडा."

"एवढंच, कोच?"

"एवढंच," व्हर्न म्हणाला.

शुक्रवारी कर्टचा फेकणारा मान वळवायच्या आत आडवा होत होता. कर्टनं अखेर फाटक सोडून साधी रांग लावली, पण तिचा सराव होता कुणाला? पेल्टन निसटतं जिंकलं.

कर्ट हात मिळवायला आला. "कोच, हे मला का नाही सांगितलंत?"

"तू माझ्याकडून खेळायचास. मोडायचं कशाला शिकवू?"

"आता सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या शुक्रवारी काय लावणार?"

"साधी रांग," व्हर्न म्हणाला. "आणि हरू." म्हणता म्हणता भर मैदानात त्याला रडू कोसळलं. पोरांना वाटलं, कोचला आनंद झालाय. ती ओरडत आली आणि त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं.