भोंगा वाजेपर्यंत जागा सोडायची नाही

सैन्याच्या इंजिनिअर्समध्ये चोवीस वर्षं काढून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि नालासोपाऱ्यात फ्लॅट घेतला. विषारी वायूपासून बचावाचा कोर्स फौजेत केला होता. ते कळल्यावर किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्याने मला बोलावलं. तिथे बर्फाचा कारखाना होता आणि त्यात अमोनिया. मागे एकदा नुसत्या वासाने लोक भलत्याच दिशेला पळाले होते आणि चेंगराचेंगरीत एका म्हातारीचा पाय मोडला होता.

मी प्लॅन केला. कारखान्यावर भोंगा, प्रत्येक गल्लीला एक वॉर्डन. भोंगा वाजला की नाकाला ओलं फडकं लावून, वारा आडवा कापत शाळेच्या मैदानात जायचं. भोंगा वाजेपर्यंत जागा सोडायची नाही, असा माझा हुकूम होता.

कारखान्याच्या भिंतीलगतच्या गल्लीचे वॉर्डन होते बावतीसकाका. जन्मभर होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. त्यांना हे पटेना. वारा आम्हाला कळतो, भोंगा कशाला, म्हणाले. मी शिस्तीवर लेक्चर दिलं. शेवटी ते हसले.

"होडीवर तांडेलाचा शब्द. हितं तुमचा."

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला भोंग्याची टेस्ट ठरली. कारखान्याचा सिक्युरिटी सुपरवायझर हवालदार ढमाळे माझ्याच प्लाटूनचा, नोकरीही मीच लावलेली. टेस्ट झाली की त्याचा फोन यायचा, "ऑल ओके, साहेब." आपल्या माणसाच्या रिपोर्टवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला. स्वतः गेलो नाही, ही माझी चूक.

त्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला ढमाळेचा फोन आला.

"साहेब, लीकेज आहे."

"सायरन दिला?"

त्याने फोन ठेवला.

मी पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. मैदानात माणसं खोकत, डोळे चोळत बसली होती. वास येताच लोक दाराबाहेर आले होते. भोंगा नाही, म्हणून बावतीसकाकांनी त्यांना परत घरात घातलं. श्वास कोंडायला लागल्यावर स्वतःच्या जबाबदारीवर गल्ली रिकामी केली. मग एका आजारी बाईला आणायला मागे फिरले. बाई वाचली. काका हॉस्पिटलला नेताना वाटेतच वारले.

भोंग्याची वायर काढून टाकलेली होती. आठ महिने. दर महिन्याला भोंगा वाजला की लोकांना धोका वाटतो, असं मालकाचं म्हणणं. गावाला वाटलं, टेस्ट मीच बंद केली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, साहेब."

शत्रूच्या गोळीचा मला कधी राग आला नाही. ढमाळेचा आला, आणि तो गेलेला नाही.

दफनाच्या दिवशी चर्चमध्ये मी टोपी काढून उभा होतो. काकांची बायको जवळ आली. म्हणाली, "पोरी म्हनत होत्या, पप्पा चला. ते बोलले, सुभेदार आपल्याला फसवायचा नाय."

दर नोव्हेंबरला मयतांच्या दिवशी मी त्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावतो. ढमाळेही येतो आणि फाटकाबाहेर थांबतो. त्याला मी अजून आत बोलावलेलं नाही.