फ्लॉरेन्समध्ये माझ्या चित्राला मुंग्या लागल्या

मुलुंडच्या आमच्या चाळीतून परदेशी जाणारा मी पहिलाच. त्यामुळे सत्कार झाला, आणि सत्कार म्हटला की मी भाषण करणारच. "स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली, तरी आपले चित्रकार युरोपपुढे हात पसरून उभे! मी तिथे मागायला नाही, दाखवायला चाललोय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा मात्र टाळ्या वाजवत नव्हते, कारण त्यांच्या हातात माझी ट्रंक होती. बाबा गवंडी. कोकणातून आले आणि मुलुंडातले निम्मे बंगले त्यांच्या हाताखालून गेले.

आम्ही कलाशाळेचे सात विद्यार्थी आणि आमचे सर, असे निघालो. इटलीत फ्लॉरेन्सला तीन आठवडे राहून ओल्या चुन्यावर भित्तिचित्र रंगवायला शिकायचं होतं. जाऊ इच्छिणाऱ्यांना सांगतो, पासपोर्टपेक्षा परकीय चलनाच्या परवानगीला जास्त वेळ लागतो. तिथूनच सुरुवात करा. बोटीची केबिन सगळ्यांत स्वस्त घ्या, दिवस डेकवरच जातो. एडनपर्यंत बोट लागते, म्हणून लिंबाचं लोणचं हाताशी असू द्या. डेकवर मी प्राचीन भारतीय शिल्पकलेवर बोलायला उभा राहिलो, तेव्हा घाटकोपरचा रमेश म्हणाला, "लोकांना आधीच उलट्या होतायत रे, तू तरी गप बस."

नेपल्सहून आगगाडीने फ्लॉरेन्स गाठलं. तिसऱ्या वर्गातली बाकं लाकडी, पण खिडकीबाहेर द्राक्षमळे. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. पाव, पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि टोमॅटो घातलेल्या शेवया थोड्या लिरांत पोटभर मिळतात. चर्चमधली चित्रं पाहताना मान भरून येते. शेकडो वर्षांपूर्वीचा निळा रंग कालच लावल्यासारखा दिसतो! मी तत्काळ वहीत लिहिलं, 'आपल्या लेण्यांतले रंग याहून जुने.' ते खरंच आहे, आजही मी तेच म्हणेन.

आमच्या वर्गाला बेप्पे नावाचा म्हातारा गवंडी शिकवायचा. पद्धत अशी, की सकाळी भिंतीला चुन्याचा ताजा गिलावा द्यायचा आणि तो ओला आहे तोवर नुसत्या पाण्यात कालवलेले रंग लावायचे. सुकताना चुनाच रंग धरून ठेवतो. शेवटी प्रत्येकाला आवारातल्या भिंतीचा हातभर तुकडा मिळाला. त्यातला एकच कायम राहणार, बाकीचे खरवडणार. तो एक माझाच असणार, हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

मला आमचं गुपित ठाऊक होतं ना! आपले लोक चुन्यात गूळ घालतात, म्हणून आपले किल्ले उभे आहेत. गूळ तिथे कुठला? नाश्त्याच्या टेबलावरून साखर उचलली, पाण्यात विरघळवली आणि माझ्या गिलाव्यात मिसळली. वर मढच्या किनाऱ्यावरच्या होड्या रंगवल्या. झकास जमल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे निकालाला जमलो. रमेश ओरडला, "अरे, तुझ्या होड्यांत प्रवासी चढले!"

मुंग्यांची रांग थेट शिडापर्यंत गेली होती. बेप्पेने बोट टेकवलं, तर बोटाला निळा रंग लागला. इतरांचे गिलावे घट्ट, माझा अजून मऊ. त्याने बोट जिभेला लावलं, थुंकला आणि म्हणाला, "दोल्चे!" हा शब्द मिठाईच्या दुकानांमुळे आम्हा सर्वांना पाठ होता. गोड!

सगळे हसले, बेप्पे हसला नाही. त्याने सरांमार्फत विचारलं, "तुमच्याकडे असं करतात?"

"करतात! माझे वडील गवंडी आहेत," मी छाती काढून म्हणालो.

"किती घालतात? भिजवलेल्या चुन्यात की मळताना? कुठल्या भिंतीला?"

"घालतात, घालतात," एवढंच मी पुन्हा म्हणालो. बेप्पे वही-पेन्सिल घेऊन थांबला होता. मग त्याने वही मिटली आणि माझ्या होड्या खरवडल्या. आमच्यातल्याच अंधेरीच्या शांताचा तुकडा भिंतीवर राहिला, आणि तो राहायलाच हवा होता.

घरी पोचल्यावर ट्रंक उघडायच्या आधी बाबांना सगळं सांगितलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे येड्या, गूळ गच्चीच्या कोब्यात घालतत, पाणी मुरू नये म्हणान. चित्राच्या भिंतीक कोण घालता? माका कधी इचारलंस?"

नव्हतं विचारलं. आपल्या कारागिरांच्या थोरवीवर मी जितकी भाषणं केली, त्यांतल्या एकाही भाषणाआधी विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "थंय चुनो किती दिवस भिजवतत?"

"वर्ष-दोन वर्षं. खड्ड्यात."

"म्हंजे खरो गवंडी तो," बाबा म्हणाले.

माझी मतं बदललेली नाहीत. आपल्याला मागायची गरज नाही, आपल्याकडे आहे. पुढच्या रविवारी प्रवासाच्या भाषणासाठी चाळीतले लोक जमले, तेव्हा मी बाबांना पुढे बसवलं. चुना, वाळू, थापी मांडून ते दोन तास बोलले. मी पाणी घालत होतो.