ल्याओ ताईंनी न केलेली सही

ल्याओ ताई चिडल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर काढल्यामुळे मला ते कळतं. त्या सोमवारच्या बैठकीत त्या इतक्या हळू बोलल्या, की विभागप्रमुख शी साहेबांना दोनदा "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं.

आमची तैवानमधल्या ताइचुंगची कंपनी लिफ्टच्या दारांचे कंट्रोल बोर्ड बनवते. ल्याओ स्यू-चिन विसाव्या वर्षी इथल्या ड्रॉइंगच्या खोलीत लागल्या. कुठलंही ड्रॉइंग मागा, दोन मिनिटांत हातात. पुढे कागद गेले, सगळं प्रोग्रामवर आलं, आणि प्रोग्रामचं भांडार सांभाळायचं कामही त्यांच्याकडेच आलं. पंचेचाळिशीत रविवारचे वर्ग लावून त्या ते शिकल्या.

भांडाराची व्यवस्था तशी सोपी असते. मूळ प्रोग्राम एक. बदल करायचा तर त्याची वेगळी ब्रँच, म्हणजे कामापुरती प्रत, काढायची, काम तपासून झालं की ती मुळात मिसळायची आणि पुसून टाकायची. आमच्याकडे चारशे बारा ब्रँचेस लोंबकळत होत्या. फोल्डरांची नावं तर 'अंतिम', 'अंतिम-नवे', 'खरेच-अंतिम', 'हात-लावू-नका'. ताईंनी नावं कशी द्यायची, कधी मिसळायचं, याचं एक पान लिहून शी साहेबांपुढे ठेवलं. ते हसले. म्हणाले, "ताई, आम्ही कामं करायची की कपाटं आवरत बसायची?"

पान ताईंच्या ड्रॉवरमध्ये गेलं.

मार्चमध्ये एका सोसायटीत लिफ्टचं दार मिटताना एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात सापडला. तीन बोटं मोडली. मध्ये हात आला की दार मागे जायला हवं होतं. ती दुरुस्ती आमच्या खाय-मिंगनं वर्षभरापूर्वीच केली होती. पण ती 'खाय-२' नावाच्या ब्रँचमध्ये पडून राहिली, खाय-मिंग नोकरी सोडून गेला, आणि बोर्डावर गेला तो 'अंतिम-नवे' मधला जुना प्रोग्राम.

सोमवारी शी साहेबांनी अहवाल टेबलावर सरकवला. "भांडार तुमच्याकडे आहे. इथे सही करा. 'नजरचुकीनं राहून गेलं' एवढंच लिहिलंय. कुणी तुम्हाला काढणार नाहीये."

"माझी नजर चुकली नाही," ताई म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"नजर चुकली नाही म्हटलं. ती ब्रँच मिसळा म्हणून मी तीनदा विनंती टाकली. तिन्ही वेळा तुम्ही खाली लिहिलंत, 'पुढच्या खेपेला बघू'. तारखेसकट आहे ते. भांडारातली नोंद पुसली जात नाही."

शी साहेब म्हणाले, "हे बघा, आपण सगळे एका घरातलेच आहोत."

"घरातल्या माणसाच्या गळ्यात दुसऱ्याची चूक बांधत नाहीत."

सही न करताच त्या उठल्या. दुपारी पेरूंची पिशवी घेऊन त्या गृहस्थांकडे गेल्या. मीही बरोबर होतो. निवृत्त पोस्टमन, चौथ्या मजल्यावर राहणारे. बायको त्यांना चमच्यानं कांजी भरवत होती. ताईंनी वाकून माफी मागितली. बायकोनं विचारलं, "तुमच्या हातून झालं का?" ताई म्हणाल्या, "नाही. पण मला माहीत होतं, आणि मी पान ड्रॉवरमध्ये ठेवून गप्प बसले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता मूळ प्रोग्रामला कुलूप लावलं. दोघांनी तपासल्याशिवाय त्यात एक ओळही जाणार नाही. मग एकेका इंजिनिअरला टेबलापाशी उभं करून विचारायला लागल्या, "हे कुणाचं? कशासाठी? जिवंत आहे की मेलेलं?" तिशीतली पोरं मान खाली घालून उत्तरं देत होती. शी साहेबांची 'शी-तात्पुरते' ही ब्रँच सहा वर्षांची निघाली. त्यांना उभं राहायला सांगायचं धाडस कुणाला झालं नसतं. ताईंनी फोन करून बोलावलं, आणि ते आले.

ती विनंत्यांची नोंद ताईंनी छापून थेट मालकांकडे पाठवली होती. अहवाल बदलला. त्यात कुणाचंच नाव राहिलं नाही, ना ताईंचं, ना शी साहेबांचं. ताईंना तेही पटलं नाही. "पोस्टमनची बोटं वाऱ्यानं मोडली का?" त्या मला म्हणाल्या.

जूनपर्यंत ब्रँचेस एकोणीसवर आल्या. फोल्डर ग्राहकाच्या नावानं आणि तारखेनं लागले. 'अंतिम' हा शब्द भांडारात आता चालत नाही.

वर्षअखेरच्या मेजवानीत शी साहेबांनी भाषणात 'आपल्या विभागानं आणलेल्या नव्या शिस्ती'चं कौतुक केलं आणि ग्लास उंचावून आमच्या टेबलाकडे पाहिलं. ताईंनी आपला वाडगा उचलला, चॉपस्टिक घेतल्या आणि पॅकिंगवाल्या बायकांच्या टेबलावर जाऊन जेवायला बसल्या.