दातांत धरलेलं गाणं

ठाण्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी सत्तावीस वर्षं फिजिक्स शिकवलं. ध्वनीचा धडा आला की वर्गात गाण्याची एक जुनी तबकडी घेऊन जायचे. जाड ड्रॉइंग पेपरचा भेळेच्या पुड्यासारखा कर्णा करायचा, त्याच्या टोकाला चिकटपट्टीने शिवणाची सुई बसवायची, तबकडी फिरवायची आणि सुई हलकेच तिच्या रेघांवर टेकवायची. वीज नाही, स्पीकर नाही, तरी कागदातून माणूस गायला लागायचा. मागच्या बाकावरचे सुद्धा उठून पुढे यायचे.

तबकड्या माझ्या वडिलांच्या होत्या, ओरखडे पडून निकामी झालेल्या. त्या फिरवायची सोय लॅबवाल्या भाऊंनी केली होती. भाऊ म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, कोलशेतचे कोळी. जुन्या सिलिंग फॅनचं बेअरिंग त्यांनी लाकडी पाटावर बसवलं होतं. त्यावर तबकडी ठेवून ते एका बोटाने ती इतकी एकसारखी फिरवायचे, की गाण्याचा सूर फारसा डळमळायचा नाही. मी कौतुक केलं की म्हणायचे, "वल्हं मारलेला हात आहे मॅडम."

मी निवृत्त झाले त्यानंतर दोनेक महिन्यांनी भाऊ डोंबिवलीला माझ्या घरी आले. उशीच्या अभ्र्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. आत एक लहान तबकडी होती, सात इंची. मधल्या कागदावरची अक्षरं दमटपणाने उडून गेली होती.

"आत्याची आहे," ते म्हणाले.

त्यांची आत्या तरुणपणी धवलारीण होती. लग्नात हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीची गाणी म्हणणारी बाई ती धवलारीण. एकटी नाही, जोडीला गावातलीच तिची मैत्रीण. दोघींचं नाव खाडीच्या दोन्ही काठांवर झालं होतं. एकदा मुंबईहून कोणी माणूस आला, दोघींना स्टुडिओत घेऊन गेला आणि हळदीचं गाणं तबकडीवर उतरवलं. दोघींना एकेक प्रत मिळाली. घरात वाजवायला यंत्र नव्हतंच. मांडववाल्याकडे होतं, तोवर लग्नांतून ती वाजली. मग कॅसेटी आल्या आणि तबकडी ट्रंकेत गेली.

"मैत्रीण वारली, तिच्या घरची प्रत कुठे गेली कोणाला माहीत नाही. आता आत्याच्या मनात आलंय ऐकायचं. पण मॅडम, ती ऐकणार कशी?"

आत्याला ऐकू येत नव्हतं. लहानपणापासून दोन्ही कान फुटायचे, वाहायचे, आणि वयाबरोबर ऐकू येणं कमी कमी होत गेलं. कानात घालायचं मशीन आणलं होतं, पण वाहत्या कानात ते राहायचं नाही.

मी म्हटलं, आधी तबकडीची नक्कल करून ठेवू. आमच्या सोसायटीत एका निवृत्त बँकवाल्यांकडे चांगला रेकॉर्ड प्लेअर आहे. त्यांनी ती ओल्या फडक्याने पुसली, वाजवली आणि मोबाइलवर उतरवून दिली. दोन बायकांचे उघडे, खणखणीत आवाज. भाऊ खाली मान घालून ऐकत राहिले.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मोबाइल मोठ्या स्पीकरला जोडून लावला होता, सगळी आळी गोळा झाली. आत्या म्हणाली, लांब कुठेतरी होडीचं इंजिन चालू आहे.

मग भाऊच म्हणाले, "मॅडम, तुम्ही तो चिमटा वाजवून पोरांच्या कानामागं टेकवायचात ना? हाडातून आवाज जातो म्हणून? तसं रेकॉर्डचं नाय का होणार?"

चिमटा म्हणजे ट्यूनिंग फोर्क. सत्तावीस वर्षं कागदाचा कर्णाही मीच दाखवत होते आणि हाडातून जाणारा आवाजही, पण एका तासाला हे आणि दुसऱ्या तासाला ते. दोन्ही एकत्र आणावेत हे मला कधी सुचलं नव्हतं. भाऊ मात्र दोन्ही तासांना वर्गात असत.

पौषातल्या एका सकाळी मी कोलशेतला गेले. ठाणे स्टेशनवरून रिक्षा केली. गावाच्या मागे तीस-तीस मजली इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या पुढ्यात भाऊंचं बैठं घर, ओट्यावर जाळ्यांचा ढीग. आत्या ओट्यावरच बसली होती. ऐंशीच्या पुढची, बारीक, हिरवं लुगडं. माझा हात धरून तिने मला शेजारी बसवून घेतलं. "बस बाय," एवढंच म्हणाली. बहिऱ्या माणसासारखं ओरडून ती बोलत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं.

आधी मी कर्ण्यावर वाजवून दाखवलं. घरातली सगळी भोवती जमली. कागदातून चिरका, नाकातला आवाज आला. भाऊंची सून हसली, मग तोंडावर हात ठेवून ऐकू लागली. आत्या तबकडीकडे बघत नव्हती, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती.

मग मी लाकडी फूटपट्टी काढली. तिच्या एका टोकाला सुई घट्ट बांधली होती. त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी होती. ती मी भाऊंना सांगितली आणि त्यांनी हातवारे करून आत्यापर्यंत पोचवली: ही सुई तबकडी खरवडणार. प्रत्येक वेळी गाणं थोडं थोडं झिजणार, आणि शेवटी जाणार.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "ठेवून काय करू? लोनचं घालू काय तिचं?"

भाऊ पाटावरची तबकडी फिरवू लागले. मी पट्टीचं दुसरं टोक आत्याच्या कानामागच्या हाडावर टेकवलं. ती वाकली, पट्टी सरकली. पुन्हा टेकवलं, सुई उडाली आणि तबकडीवर एक पांढरी रेघ उमटली. मला वाईट वाटलं. तिसऱ्यांदा आत्याने पट्टी माझ्या हातातून काढूनच घेतली आणि टोक सरळ दातांत धरलं. जाळं विणताना दोरा दातांत धरायची जन्माची सवय. पुढचे चारच दात उरले होते, पण पट्टी हलली नाही. पाटावर ओणवी होऊन तिने सुई स्वतःच खाली टेकवली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तिचे डोळे मिटले. तिने तळहात जमिनीवर आपटायला सुरुवात केली, आधी सावकाश, मग जरा जलद. भाऊंना कळलं, त्यांनी वेग वाढवला. हात आणि बोट जुळले तसा हात थांबला. आम्हाला बाहेर फक्त मच्छर गुणगुणल्यासारखं ऐकू येत होतं. सगळं गाणं तिच्या डोक्यात चाललं होतं.

सुई मधल्या कागदाशी जाऊन थांबली तेव्हा तिने पट्टी काढली.

"आला का आवाज, आत्या?" भाऊंनी खुणेने विचारलं.

"आला."

"तुझा?"

"माजा नाय. तिचा." तिने पदराने तोंड पुसलं. "ती पुढं उभी होती, मी मागं. त्या मानसानं तसंच उभं केलं. मी बोलले, ऱ्हाऊ दे, तिचा गला मोठा."

आत्याने पट्टी पुन्हा दातांत धरली.

असं चारदा झालं. चौथ्यांदा मधेच तिने हात वर केला. "बस. आथा तिला दम लागला." सुईखाली काळी भुकटी जमली होती. मी कर्णा लावून पाहिला. शब्दांपेक्षा खरखर जास्त होती. भाऊंनी तबकडी पुसून अभ्र्यात घातली.

जेवायला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. जेवताना आत्या एकदम बोलायला लागली. त्या माणसाने हातातलं घड्याळ दाखवून गाणं तीन मिनिटांत बसवायला सांगितलं होतं. हळदीचं गाणं कधी तीन मिनिटांत होतं? नवऱ्याच्या मामाचं, करवल्यांचं, सगळं राहूनच गेलं. परत येताना मैत्रीण रागाने रस्ताभर उरलेलं गाणं म्हणत आली, आणि ही तिला गप्प बसवत होती. "मना लाज वाटली. लोक बगत होते." एवढं सांगून तिने भाकरीचा तुकडा मोडला.

मला निघताना बरं वाटत होतं, आणि थोडं अपराधीही. ती पट्टी मी दहा-पंधरा वर्षांपूर्वी नेली असती तर? तेव्हा मैत्रीणही असती.

भाऊ मात्र तिथे थांबले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी आत्याला ठाण्यातल्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं आणि पट्टीची हकिकत सांगितली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतली नस चांगली आहे, अडचण पडद्याची आणि मधल्या कानाची आहे. कानात न घालता डोक्याला पट्ट्याने बांधायचं, हाडावर टेकणारं मशीन मिळतं. ते आता आत्याकडे आहे. सकाळी बांधते आणि दुपारी काढून ठेवते, कारण घरामागे चाललेल्या बांधकामाचा खडखडाट सोसत नाही म्हणते.

मागच्या रविवारी तिने स्वतः फोन केला. भाऊंच्या सुनेने नंबर लावून दिला होता.

"बाय, जेवलीस?"

"जेवले आत्या. तुम्ही?" मी सवयीने मोठ्याने विचारलं.

"जेवले." मग जरा थांबून म्हणाली, "हलू बोल. मी काय बहिरी नाय."