तोंड मी वाकडं केलं नव्हतं

मी नांदेडला एका शाळेत विज्ञान शिकवते. करणी, भानामती असला विषय निघाला की स्टाफरूममधून उठून जाणारी बाई मी... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

मागच्या वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं. रडू येईना, कुणाशी बोलवेना. लातूरला शिकणारी धाकटी बहीण पल्लवी म्हणाली, "ताई, बोलू नको. स्वतःचे फोटो काढ. आत काय चाललंय ते दिसू दे."

कॅमेरा होताच. भाग्यनगरमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर लावली. ट्रायपॉड, टायमर, ब्लॅक अँड व्हाइट मोड. रविवारची दुपार, खिडकीतून लख्ख उजेड. खरंच मोकळं वाटायला लागलं. एका फोटोत डोळ्यांत पाणी चमकताना दिसलं, तेव्हा कुठं कळलं — मी रडत होते.

मग एका रविवारी काहीतरी बिघडलं. मी शांत बसलेली, आणि फोटोत नाक आक्रसलेलं, वरचा ओठ वर गेलेला... समोर काहीतरी सडकं ठेवल्यासारखं तोंड. पुन्हा काढला. तेच. कॅमेऱ्याशेजारी आरसा ठेवून काढला. आरशात मी शांत, फोटोत तीच किळस.

पल्लवीला पाठवले. तिचा लगेच फोन.

"ताई, खोलीत कोण हाय?"

"कुणीच न्हाई. का गं?"

"झूम कर. गालाकडं बघ."

बघितलं. मळलेल्या कणकेत बोटं रुतावीत तसे खळगे. एका गालावर चार बोटांचे, दुसऱ्यावर अंगठ्याचा. ओठ मी उचललाच नव्हता. कुणीतरी माझं तोंड मुठीत धरून तो वर चढवला होता.

हात आपोआप गालावर गेला. ओलं लागलं. चिकट, कोमट. बोटं नाकाशी नेली — डब्यात विसरून राहिलेल्या, आंबलेल्या वरणाचा वास. मोरीत जाऊन ओकले. साबणानं गाल सोलून निघेस्तोवर घासले, तरी वास जाईना.

खरं सांगू? भीती नाही वाटली. घाण वाटली. माझं दुःख दाखवायला माझा चेहरा तेवढा उरला होता... त्यालाही कुणीतरी हात लावला.

त्याच दिवशी खोली सोडली. ओळखीच्या एका फोटोग्राफरला फोटो दाखवले. "सावली असेल, मॅडम," म्हणत त्यानं झूम केलं, मग लॅपटॉप माझ्याकडं सरकवला आणि हात धुवायला गेला.

नवीन खोलीवर इस्लापूरहून आई आली. "किती सुकलीस गं माय," म्हणत तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी तो हात झटकला आणि तिच्यासमोरच ओकले. ती पदराला हात पुसत नुसती उभी राहिली.

ते काय होतं, मला अजून कळलेलं नाही. आईला काय सांगावं, तेही.